जुनी स्प्लेंडर घरी सांभाळताना: पेट्रोलच्या कॉकपासून टॅपेटपर्यंत

माझी स्प्लेंडर २००१ सालची. वडिलांनी नवी घेतली, कराड-पाटण रस्त्यावर नोकरीला जायला वर्षानुवर्षं वापरली आणि मग माझ्या हाती दिली. तेव्हा ती सकाळी दहा-बारा किका मागायची. गरम झाली की सिग्नलला बंद पडायची आणि चढाला दम टाकायची. तीन ठिकाणी दाखवली. एकानं कार्बोरेटरच बदलायला सांगितला, दुसऱ्यानं इंजिनाचं काम काढलं. शेवटी दोष निघाला पायलट जेटमधल्या (कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातल्या) कचऱ्यात आणि जास्त आवळलेल्या टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या स्क्रूमध्ये. एका रविवारी, घराच्या पडवीत, साध्या पान्यांनी दोन्ही नीट झालं.

स्प्लेंडरबद्दलच लिहितोय, कारण तिचं ९७.२ सीसीचं इंजिन मला पाठ आहे. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये आणि त्याच घराण्यातली स्प्लेंडर १९९४ मध्ये. कंपन्या वेगळ्या झाल्या तरी हे इंजिन चालू राहिलं, म्हणून तालुक्याच्या गावातही याचे पार्ट मिळतात. तुमच्याकडे दुसरी कुठली चार-स्ट्रोक गाडी असेल तरी तपासण्याचा क्रम हाच राहील.

सुरुवातीलाच एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, गाडी चालवून बघा आणि वहीत लिहा. प्लग, फिल्टर, हवेचा स्क्रू असं एकाच दिवशी सगळं हलवलं, तर गाडी सुधारली तरी कशानं ते कळत नाही आणि बिघडली तरी कळत नाही. माझ्या वहीत तारीख, किलोमीटर आणि काय केलं एवढंच असतं. दोन वर्षांनी ती वही मेकॅनिकपेक्षा जास्त सांगते.

हत्यारं

८, १०, १२, १४, १७ आणि १९ चे रिंग पाने, १६ चा प्लग पाना, पक्कड, फिलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पाती), टायरचा पंप आणि तारेचा ब्रश. स्टार स्क्रू ड्रायव्हर मात्र चांगल्यातला घ्या. जुन्या गाडीच्या कव्हरचे स्क्रू जाम झालेले असतात आणि हलक्या स्क्रू ड्रायव्हरनं त्यांचं डोकं गोल होतं. मग ड्रिल मारण्याशिवाय मार्ग राहत नाही. स्क्रू हलत नसेल तर डायझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे टाकून रात्रभर ठेवा. सकाळी स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसवून मागून हातोडीचे दोन-तीन ठोके द्या आणि मगच फिरवा. ठोक्यानं आट्यांतला गंज सुटतो.

गाडी नेहमी सपाट जागी, डबल स्टँडवर. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानं कळत नाही. पेट्रोलचं काम करताना देवघरातला दिवासुद्धा जवळ नको.

गाडी चालू होत नाही तेव्हा

आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग बाकी. हा क्रम मोडू नका.

कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, चालू करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि नळीखाली पारदर्शक बाटली धरा. धार सलग यायला हवी. थोडं येऊन थांबत असेल तर टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय का बघा. झाकण उघडताच धार सुरू झाली, तर दोष तिथेच. झाकण उघडूनही धार येत नसेल तर कॉकची जाळी काढून धुवा.

आता ती बाटली पाच मिनिटं न हलवता ठेवा आणि तळाशी बघा. पावसाळ्यात तिथे पाण्याचा वेगळा थर किंवा गोळे दिसतात. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात. वाटीतलं पेट्रोल तळातूनच उचललं जातं, त्यामुळे टाकी भरलेली असूनही गाडी पाण्यावर चालू करायचा प्रयत्न आपण करत असतो. जुनी रबरी नळी या पेट्रोलानं फुगते किंवा कडक होऊन चिरते. नळी बोटांनी वाकवून बघा, चीर दिसली की लगेच बदला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं फार वाईट.

पेट्रोल येतंय, तर प्लग काढा. पाच-सहा किका मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही, म्हणजे कार्बोरेटर बघायचा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही.

ठिणगी बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याचा लोखंडी भाग इंजिनाला नीट टेकवा आणि मग किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग हवेत लटकता ठेवून किक मारू नका, त्याचा ताण कॉइल आणि सीडीआयवर (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) येतो. निळसर, टचटचीत ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी दिसली तर नवा प्लग लावून बघा. नव्यालाही तीच असेल तर कॅप फिरवून काढा, वायरचं टोक पाच-सहा मिलिमीटर कापा आणि कॅप परत घट्ट फिरवून बसवा. हिरवं पडलेलं तांब्याचं टोक हे पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ असतं, असा माझा अनुभव आहे.

किकच्या स्प्लेंडरला बॅटरी संपली तरी चालू व्हायला अडचण नसते, ठिणगीची वीज इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतून येते. तेव्हा इंडिकेटर मंद आहेत म्हणून गाडी चालू होत नाही, असं कुणी सांगितलं तर बॅटरी विकत घेऊ नका.

निघालेल्या प्लगचा रंगही बघा. दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर बुजलेला. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल जळतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. याकडे दुर्लक्ष करून लांबच्या प्रवासाला निघू नका.

कार्बोरेटर

हे काम घाईचं नाही. दोन तास हाताशी ठेवा आणि खाली पांढरं कापड अंथरा, पडलेला जेट त्यावर दिसतो.

कॉक बंद करा, वाटी रिकामी करा, दोन बोल्ट काढून कार्बोरेटर मोकळा करा. वरचं झाकण फिरवलं की केबलसकट स्लाइड आणि सुई बाहेर येते. सुई वाकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवा आणि स्लाइडची खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो काढा. वाटीचे स्क्रू काढून फ्लोटची पिन बारीक खिळ्यानं हळूच ढकला. जोर लावू नका, पिन ज्या दोन खांबांत असते ते मोडले की नवा कार्बोरेटर. फ्लोटखालच्या छोट्या सुईच्या टोकावर गोल वळ उमटला असेल तर ती बदला, वाटी भरून वाहण्याचं कारण तेच असतं.

मेन जेट मोठा, तो सहसा बुजत नाही. खरा त्रास पायलट जेटचा. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो काढा, चिमटीत धरा आणि आकाशाकडे करून एक डोळा मिटून बघा. स्वच्छ जेटमधून उजेडाचा अगदी गोल, तीक्ष्ण ठिपका दिसतो. ठिपका अर्धा, धूसर किंवा पिवळट दिसला तर भोकाच्या कडेला वाळलेलं पेट्रोल आहे. सकाळी जास्त किका आणि चोक काढल्यावर बंद पडणं हे त्याचंच. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार घेऊन ती भोकातून आरपार न्या. सुई किंवा टाचणी कधीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल जास्त खाते. मग कार्बोरेटर क्लीनर मारा आणि पंपानं हवा द्या. बॉडीतल्या प्रत्येक वाटेला हवा द्यायची आणि दुसरीकडून ती बाहेर येते का ते बोट धरून बघायचं. रबरी रिंगा क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगतात.

हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत फिरवून किती फेरे बसतो ते मोजा आणि लिहा. परत तितकाच बाहेर ठेवायचा.

जोडताना कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधली रबरी रिंग चपटी झाली असेल तर नवी घाला. तिथून हवा ओढली गेली तर स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहण्याचा वेग, कधीच टिकत नाही, कितीही स्क्रू फिरवा. खात्री करायची असेल तर इंजिन चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जातेय.

ट्यूनिंग गरम इंजिनावर, तीन-चार किलोमीटर चालवून आल्यावर. स्लो किंचित वाढवा. हवेचा स्क्रू हळूहळू आत घ्या, इंजिन अडखळलं ती जागा लक्षात ठेवा. मग बाहेर घ्या, पुन्हा अडखळेल. दोन्हींच्या मध्ये जिथे आवाज सगळ्यात मोकळा लागतो तिथे थांबा आणि स्लो कमी करा.

हे बरोबर झालं का, हे बघायला पीयूसीच्या चिठ्ठीइतकं स्वस्त मीटर नाही. बहुतेक लोक तिच्यावरची तारीख बघतात आणि खिशात घालतात. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी छापलेली असते. एप्रिल २००० नंतर बनलेल्या जुन्या दुचाकींना मर्यादा साडेतीन टक्के आहे, त्याआधीच्यांना साडेचार. माझी गाडी एकदा तीनच्या वर गेली होती. एअर फिल्टर साफ केला, बाकी कशाला हात लावला नाही, आणि पुढच्या चिठ्ठीत आकडा निम्म्यावर आला. फिल्टर स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून, थोडं ऑइल चोळून बसवा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा.

कागदांचा विषय निघालाच आहे तर: पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि त्याला आरटीओत गाडी दाखवावी लागते. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लावून घ्या.

टॅपेट

माझ्या मते घरी शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच. टॅपेट वाजलं की माणूस घाबरतो आणि आवळून घेतो. खरा धोका आवळलेल्या टॅपेटमध्ये आहे. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो. टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या मधली फट संपली तर तो पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, गरम गाडी सिग्नलला बंद पडते. व्हॉल्व्हची उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. तो टेकलाच नाही तर हळूहळू जळतो.

काम थंड इंजिनावरच, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर. प्लग काढा, इंजिन हलकं फिरतं. डाव्या कव्हरवरच्या दोन टोप्या काढा. एकीतून पाना घालून मॅग्नेट (मॅग्नेटोचं चाक) घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचं, दुसरीतून खुणा दिसतात. ‘टी’ची रेघ कव्हरच्या खुणेसमोर आली की थांबा. आता हेडवरच्या (इंजिनाच्या टोकाच्या भागावरच्या) टॅपेटच्या टोप्या काढून व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर बोटानं हलवा. दोन्ही किंचित खुळखुळले तर तुम्ही बरोबर जागी आहात. एखादा ताठ असेल तर अजून एक पूर्ण फेरा द्या. ही एक पायरी चुकली की पुढचं सगळं माप खोटं.

फटीचा आकडा गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. या इंजिनात तो मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो, म्हणून डोळ्यांनी किंवा आवाजानं अंदाज करता येत नाही. फिलर गेजचं त्या मापाचं पातं रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवा. बंद पुस्तकात दाबलेलं एसटीचं तिकीट ओढताना बोटांना जी बारीक ओढ लागते, तेवढी लागली पाहिजे. पातं सहज फिरलं तर फट जास्त. आत जायलाच तयार नसेल तर कमी. लॉक नट सैल करा, चौकोनी टोक किल्लीनं फिरवा, ओढ जमली की टोक धरून ठेवून नट आवळा. आवळल्यावर पातं पुन्हा घाला, कारण नट फिरताना टोकही थोडं फिरतं. पहिल्या वेळी मला एका व्हॉल्व्हला पाच प्रयत्न लागले. दोन्ही झाल्यावर इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा मोजा.

धूर आणि ऑइल

निळा धूर दिसला की बोअर-पिस्टन करायला सांगतात. मलाही एकानं सांगितलं होतं. त्याआधी धूर कधी येतो ते बघा. सकाळी चालू करताना किंवा घाट उतरून पुन्हा रेस दिल्यावर भपकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सीलं गेली आहेत. ती किरकोळ किमतीची असतात. रेस देऊन चढ चढताना सतत येत असेल तर रिंग आणि बोअर, म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर, झिजलेत. माझ्या गाडीची सीलंच होती.

ऑइलची पातळी बघताना कांडी पुसून नुसती भोकात टेकवा, आट्यात फिरवू नका. या गाडीत क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणून डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए२, हे दुचाकीच्या ऑइलचं मानक, लिहिलेलं बघा. कारचं काही ऑइल मुद्दाम जास्त निसरडं केलेलं असतं, ते घातलं की क्लच घसरतो. ऑइल गरम असताना काढा. खालचा १७ चा बोल्ट बसवताना पहिले फेरे हातानंच द्या. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की मोठा खर्च.

चेन आणि मागचं चाक

स्प्लेंडरची चेन बंद कव्हरमध्ये असल्यानं लोक तिला विसरतात. कव्हरच्या रबरी बुचातून बोट घालून चेन वर-खाली करा, चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा. जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथे साधारण २५ मिलिमीटर ढील हवी. ताठ चेन सैल चेनपेक्षा जास्त नुकसान करते, बेअरिंग खाते. ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारख्या खुणेवर आणा. मग मागच्या ब्रेकचा पेडल आणि ब्रेकलाइट पुन्हा तपासा, चाक सरकलं की तेही बदलतात. ब्रेक प्लेटला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट आणि पिन दर वेळी हातानं बघा. ती पट्टी सुटली तर प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल. चेन लॉकची (चेनची टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेनं पळते तिकडे.

ब्रेक दाबल्यावर ब्रेकच्या आर्मवरच्या बाणाची खूण प्लेटच्या खुणेला भिडली की लायनर बदला. ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या कापडानं पुसा.

क्लच केबल तुटण्याआधी सांगते: हँडलच्या टोकाशी तिचे एक-दोन धागे सुटतात. ते दिसले की नवी केबल जुनीच्या शेजारून, त्याच वळणांनी टाका आणि मगच जुनी काढा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळीक ठेवा.

कुंभार्ली घाटात

वर्षातून दोन-तीनदा मी याच गाडीवर चिपळूणला उतरतो. निघताना पुढे २५ आणि मागे २८ पौंड हवा, मागे कुणी बसलं तर मागच्या चाकात पुस्तिकेप्रमाणे जास्त. खोगीराखाली जादा प्लग, क्लचची तार, चेन लॉक, नळीचा तुकडा आणि थोडी वायर.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून घाट उतरणारे आजही दिसतात. तसं करू नका. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये हा घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, बहुतेक वेळ दुसऱ्यात, आणि ब्रेक वळणाआधी थोडा दाबून सोडायचा. पावसात रस्त्यावरच्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक हलके घासत थोडं अंतर चाला, पकड परत येते.

खाली शिरगावला चहासाठी थांबलो की मी आधी दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेतो, टेकवत नाही. एकाची धग दुसऱ्यापेक्षा फार जास्त असेल तर तो ब्रेक पूर्ण सुटत नाही. मग त्याचा नट अर्धा फेरा सैल करून चाक मोकळं फिरतंय ना ते बघतो आणि किलोमीटर वहीत लिहून पुढे निघतो.